घोड्यांच्या रगांची धुलाई आणि दुरुस्ती : दोन वर्षांचा हिशोब

इंग्लंडमध्ये डिपेंडंट व्हिसावर आलेल्या कितीतरी मैत्रिणी विचारतात, "घरबसल्या काहीतरी स्वतःचं सुरू करता येतं का गं? परवानगी असते का?" येतं करता. मी केलं. काम जरा वेगळं आहे, घोड्यांच्या झुली धुण्याचं आणि शिवण्याचं, पण कागदपत्रांची वाट बहुतेक तीच आहे, म्हणून सगळं तारखांसकट लिहिते आहे. मला हे असं एका जागी लिहिलेलं मिळालं असतं तर निदान सहा महिने आणि तीनशे पौंड वाचले असते.

आम्ही सप्टेंबर २०२२ मध्ये इथे आलो. नवऱ्याची नोकरी केंब्रिजच्या हॉस्पिटलात, घर मात्र भाडं परवडावं म्हणून न्यूमार्केटच्या बाजूच्या एका खेड्यात. न्यूमार्केट म्हणजे घोड्यांचंच गाव. सकाळी शर्यतीच्या घोड्यांच्या रांगा रस्ता ओलांडतात. सिग्नलचं बटण स्वारांना घोड्यावरूनच दाबता यावं म्हणून काही ठिकाणी उंचावर लावलेलं आहे. पण माझं गिऱ्हाईक ते नाही. मोठ्या पागांची स्वतःची व्यवस्था असते. माझं गिऱ्हाईक म्हणजे नोकरी करून एखादा घोडा पाळणारी माणसं. घोडा गावाबाहेरच्या लिव्हरी यार्डवर ठेवायचा, महिन्याचं भाडं भरायचं आणि सकाळ-संध्याकाळ जाऊन खरारा करायचा, चारा घालायचा.

या घोड्यांना पावसाथंडीत बाहेर सोडताना अंगावर जी जलरोधक झूल घालतात, तिला इथे रग म्हणतात. आपल्याकडे बेंदराला बैलांच्या पाठीवर टाकतात ती झूल सजावटीची. ही कामाची. वरचं कापड जाड, ६०० किंवा १२०० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप), त्याच्या आतल्या अंगाला पाणी अडवणारा थर, मग कापसासारखी पॉलिस्टरची भर, आणि घोड्याच्या अंगाला लागणारं गुळगुळीत अस्तर. भर ग्रॅममध्ये सांगतात : बिनभरीचा रग शून्य, मधला २००, कडाक्याच्या थंडीचा ४००. छातीशी बकलं, पोटाखालून फुलीसारखे जाणारे दोन पट्टे, मागच्या पायांना वाद्या, शेपटीखाली एक दोरी. नवा रग ६० पौंडांपासून अडीचशेपर्यंत जातो. एकेका घोड्याचे तीन-चार असतात आणि घोडे ते दर हिवाळ्यात फाडतात.

जानेवारी २०२३ मध्ये शेजारची मुलगी आपल्या पोनीचा रग कचऱ्यात टाकायला निघाली होती. काटेरी तारेत अडकून खांद्यापाशी वीतभर फाटला होता. मी म्हटलं, दे इकडे. आईने येताना बॅगेत दाभण आणि मेणाचा दोरा टाकला होता. गोधड्या शिवत वाढलेले हात आहेत माझे. संध्याकाळभर बसून ठिगळ लावलं, चारही बाजूंनी जवळजवळ टाके घातले, दिसायला सुरेख झालं. मुलगी खूश झाली, तिने यार्डवर दाखवलं आणि आठवड्यात आणखी चार रग दारात आले.

त्या सुरेख ठिगळातली चूक मला पुढे ऑक्टोबरमध्ये कळली. ती ओघात येईल.

आधी परवानगी. स्किल्ड वर्कर, म्हणजे कुशल नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला इथे नोकरीही करता येते आणि स्वतःचा धंदाही. व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक होण्याला तेवढी बंदी आहे. ज्याच्या नावावर मुख्य व्हिसा आहे, त्याला मात्र असं मोकळेपणाने करता येत नाही, म्हणून धंदा नवऱ्याच्या नावावर दाखवण्याचा विचारही करू नका. तेव्हा माझ्याकडे बीआरपी, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचं कार्ड होतं. आता ती कार्डं बंद होऊन ऑनलाइन ई-व्हिसा आला आहे, नियम तोच. मी तरीही सरकारी संकेतस्थळावरचं ते पान छापून फाइलला लावून ठेवलं. दोनदा उपयोगी पडलं : एकदा विमा घेताना, एकदा गाळ्याच्या मालकाला दाखवायला.

कर आणि सरकारी पेन्शनच्या नोंदीसाठी लागणाऱ्या नॅशनल इन्शुरन्स नंबरचा अर्ज ३ एप्रिलला ऑनलाइन केला, पत्र तीन आठवड्यांनी आलं. मग कर खात्याकडे, म्हणजे एचएमआरसीकडे, सोल ट्रेडर, म्हणजे एकटीच्या नावावर धंदा करणारी म्हणून नोंदणी. करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल असतं. वर्षाची एकूण जमा हजार पौंडांच्या आत असेल तर नोंदणी करावीच लागत नाही. त्याहून जास्त झाली तर ते वर्ष संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत नोंदणी करायची मुदत असते. मी थांबले नाही, जूनमध्येच केली. दहा आकडी यूटीआर, म्हणजे करदात्याचा नंबर, पोस्टाने येतो. अडीच आठवडे लागले आणि त्या अडीच आठवड्यांत मी रोज पोस्टमनची वाट पाहिली. नोंदणीला एक पैसा लागत नाही. पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत, तिकडे जाऊ नका.

घर भाड्याचं, म्हणून घरमालकिणीला लेखी विचारलं. तिने 'मशीन चालेल, घरी रग धुवायचे नाहीत' या अटीवर होकार दिला. तेव्हा ती अट मला जाचक वाटली होती. आज वाटतं, तिला घोड्यांची माहिती होती.

मशीन मे २०२३ मध्ये घेतलं. फर्निचरला कापड चढवणाऱ्या एका वयस्कर कारागिराने काम बंद केलं होतं. त्याचं औद्योगिक मशीन, वॉकिंग फूटवालं, ६५० पौंडांना. वॉकिंग फूट म्हणजे वरचा पायही कापडाबरोबर चालतो, त्यामुळे चार थर एकत्र सरकतात, वरचा थर मागे राहत नाही. घरगुती मशीनवर हे काम होत नाही, प्रयत्नसुद्धा करू नका, सुया मोडतात आणि मोटर जळते. जुनी क्लच मोटर काढून ११० पौंडांची सर्व्हो मोटर बसवली, आवाज गेला आणि हळू शिवता यायला लागलं. सुई ११० नंबरची, पट्ट्यांच्या जाड जोडाला १२०ची. दोरा बॉन्डेड नायलॉनचा. टाका चार मिलिमीटरच्या खाली आणायचा नाही, नाहीतर पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रेघ होते आणि कापड तिथूनच टर्रकन फाटतं.

विम्याची एक गोष्ट ठळक सांगते. साधा पब्लिक लायबिलिटी विमा (आपल्या धंद्यामुळे दुसऱ्याला इजा किंवा नुकसान झालं तर असतो तो) बहुधा तुमच्या ताब्यात दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकाच्या मालाचं नुकसान भरून देत नाही. त्याचं कलम वेगळं मागून घ्यावं लागतं. फोनवरच्या बाईला मी तीनदा विचारलं, शेवटी लेखी मागितलं. वर्षाला ११८ पौंड.

पहिल्या उन्हाळ्यात मी फक्त दुरुस्ती करत होते आणि रग धुऊन आणा म्हणत होते. लोक 'धुतलाय' म्हणून आणत. पिशवी उघडली की चिखल, लीद आणि केसांचा भपका यायचा. सुईखाली वाळू आली की सुई बोथट होते आणि शटलमध्ये केस गुंततात. गावातल्या लॉन्ड्रीत विचारलं तर दारावरच पाटी : घोड्यांचे रग आणू नयेत. लोकांचं तरी काय चुकलं? इतकी मोठी ओली वस्तू घरच्या मशीनमध्ये जात नाही, बाहेर कुणी घेत नाही. तिथे मला पहिल्यांदा लक्षात आलं की या धंद्यात अडलेली गोष्ट शिवण नाही, पाणी आहे. रग धुवायचे कुठे, ते पाणी सोडायचं कुठे आणि ओला रग वाळवायचा कुठे, हे ज्याला सुटलं त्याचा धंदा उभा राहतो.

आता ऑक्टोबर २०२३. एका बाईंच्या रगाला ठिगळ लावून दिलं होतं, १८ पौंड घेतले होते. पहिला जोरदार पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन. घोडा रात्रभर कुडकुडत उभा होता, खांदा भिजून गार. ओरडल्या नाहीत, आवाज मात्र थंड होता. मी यार्डवर गेले, रगाखाली हात घातला. ठिगळाच्या कडेने अस्तर चिंब होतं. घोड्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती गोष्ट मी अजून विसरलेले नाही.

घरी आणून नीट तपासलं तेव्हा दोन कारणं सापडली. पहिलं माझं. गोधडीत जितके टाके जास्त तितकी गोधडी टिकते, म्हणून हात भराभर टाके घालतो. इथे प्रत्येक टाका म्हणजे पाणी रोखणाऱ्या थराला पडलेलं एक भोक. बाहेरच्या कापडावर टाके जितके कमी तितकं बरं, आणि घातलेल्या प्रत्येक टिपेवर आतून सीलंट फिरवून ती बुजवायला हवी. हे मला ठाऊकच नव्हतं. दुसरं कारण, रग घरच्या कपड्यांच्या पावडरीने धुतला होता. ती पावडर कापडात राहते आणि पाणी ओढून घेते. बाईंना दोन्ही सांगितलं, पैसे परत केले. कायद्यानेही, २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार, काम पुरेशा काळजीने आणि कौशल्याने झालं नसेल तर ते पुन्हा करून देणं किंवा पैसे कमी करणं आपल्यावर येतंच. रग पुन्हा करून देते म्हटलं, त्या 'नको, नवा घेते' म्हणाल्या. महिनाभर मी नवीन काम घेतलं नाही.

त्या महिन्यात जुन्या, टाकाऊ रगांवर शिकत बसले. ठिगळाचे कोपरे गोल कापायचे, टोकदार कोपरा आधी उचलतो. भोक जेवढं त्यापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठं ठिगळ. दोन टिपा, मध्ये अर्धा सेंटिमीटर. सीलंट चोवीस तास वाळू द्यायचं. आणि चाचणी : ठिगळाची जागा द्रोणासारखी खोलगट धरून त्यात पेलाभर पाणी ओतायचं, खाली टिश्यू पेपर ठेवायचा, वीस मिनिटं थांबायचं. टिश्यूवर ठिपकासुद्धा आला तर रग परत मशीनवर. तेव्हापासून एकही रग द्रोणाशिवाय माझ्या हातून गेलेला नाही.

मग जागेचा शोध. डिसेंबरमध्ये एका शेतावरची शेड जवळजवळ ठरली होती, स्वस्त आणि प्रशस्त. सही करण्याआधी सहज विचारलं, सांडपाणी कुठे जातं? सेप्टिक टँकमध्ये. तिथे घरगुती सांडपाणी चालतं, धंद्याच्या धुलाईचं नाही. जंतुनाशक आणि साबण टाकीतले जिवाणू मारतात, केसांनी टाकी तुंबते, वर नियमभंग. म्हणजे सार्वजनिक गटाराला जोडलेलीच जागा हवी. ती मिळाली १ फेब्रुवारी २०२४ ला, एका छोट्या औद्योगिक वसाहतीत, गॅरेजएवढा गाळा, महिना २४० पौंड.

सार्वजनिक गटारात धंद्याचं पाणी सोडायला ट्रेड इफ्लुएंट कन्सेंट लागतं, १९९१च्या जल-उद्योग कायद्याखाली. अर्ज आपल्या पाणी-बिलाच्या कंपनीमार्फत जातो आणि निर्णयाला दोन महिने धरायचे. फॉर्ममध्ये विचारतात : दिवसाला किती लिटर, कोणती रसायनं, पाण्यात घन कचरा किती, जागेचा निचऱ्याचा नकाशा. लिटरचा अंदाज देता येईना तेव्हा यार्डवर एक रग टबात धुऊन बादल्या मोजल्या. ५ फेब्रुवारीला अर्ज, २० तारखेला 'साबणाचं सुरक्षा-पत्रक जोडा' म्हणून परत, २८ मार्चला संमती. अट अशी की केस आणि गाळ अडवायला चाळणीचा हौद बसवायचा आणि तो साफ केल्याची नोंद ठेवायची. माझ्या ओळखीतल्या काहींनी 'कोण बघतंय, सुरू कर' म्हटलं होतं. मी थांबले आणि त्याचं मला समाधान आहे. ते पाणी शेवटी नदीतच जातं.

थांबताना एक महागडी चूक केली. १८ किलोचं जुनं व्यावसायिक धुलाईयंत्र ९०० पौंडांना मिळालं म्हणून घेऊन टाकलं. गाळ्यात आणलं, इलेक्ट्रिशियनने मागची पट्टी वाचली आणि मान हलवली. यंत्राला थ्री-फेज वीज हवी, गाळ्यात सिंगल-फेज. थ्री-फेज जोडणीचा खर्च यंत्रापेक्षा कितीतरी जास्त. ६०० ला विकलं. नंतर एप्रिलमध्ये सिंगल-फेजचं लहान यंत्र ८५० ला घेतलं, एका वेळी एकच जाड रग मावतो. यंत्र बघायला जाताना गाळ्याच्या वीजमीटरचा फोटो खिशात असू द्या.

याच काळात काउन्सिलकडे बिझनेस रेट्सची, म्हणजे धंद्याच्या जागेवरच्या स्थानिक कराची सवलत मागितली. एकच जागा असेल आणि तिचं करपात्र मूल्य १२,००० पौंडांच्या आत असेल तर इंग्लंडमध्ये पूर्ण माफी मिळते, पण अर्ज आपण करायचा असतो. आधी बिल आलं, बघून पोटात गोळा आला. अर्जानंतर तीन आठवड्यांनी शून्याचं आलं.

एप्रिल २०२४ पासून धुलाई सुरू. धुलाई जाडीप्रमाणे १२ ते १५ पौंड, पाणी पुन्हा रोखण्याचं प्रूफिंग ७, ठिगळ ५ पासून पुढे, पायाच्या वाद्यांची जोडी ६. नव्या रगाच्या निम्म्याहून जास्त खर्च दिसला तर आधी फोन करते आणि सरळ सांगते, यात पैसे घालू नका. धुवायच्या आधी रग बाहेर झटकायचा, रबरी खराऱ्याने केस काढायचे, बकलं अडकवून वर जुना मोजा चढवायचा. पाणी ३० अंशांच्या वर न्यायचं नाही, त्यापुढे आतला जलरोधक थर सुटून पापुद्रे निघतात. साबण रगासाठीचाच.

खरी कसोटी वाळवणीची. भारतात जाताना बॅगा मोजायचा काटा असतो ना, त्यावर एक ४०० ग्रॅम भरीचा रग मोजला : कोरडा साडेपाच किलो, पिळून काढल्यावरही नऊ. ते साडेतीन किलो पाणी हवेत जायला हवं, आणि ड्रायरमध्ये घालता येत नाही. छताला आडवे लोखंडी पाइप टाकले, खाली हवेतली ओल ओढणारा डिह्युमिडिफायर. रग आधी अस्तर बाहेर करून टांगायचा. वरचं कापड तासाभरात कोरडं लागतं आणि फसवतं. भरीत ओल राहिली तर घडी घातलेल्या रगाला पंधरा दिवसांत कुबट वास येतो. मार्चएप्रिलमध्ये दोन दिवस लागतात, जूनच्या वाऱ्यात सकाळचा रग संध्याकाळी तयार.

मे महिन्यात सगळ्यांचे हिवाळी रग एकदम उतरतात. १३ मेच्या आठवड्यात ५२ रग आले, गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. निळ्या रंगाचे दोन सारखे रग चुकून अदलाबदल झाले, तेव्हापासून प्रत्येक रगाच्या डी-कडीला नंबराचं कापडी लेबल शिवते आणि वहीत घोड्याचं नावसुद्धा लिहिते. मालकिणीचं नाव विसरलं तर चालतं, घोड्याचं विसरलेलं त्यांना आवडत नाही. आजाराची काळजी फार घ्यावी लागते. गजकर्ण रगावरून घोड्याघोड्यांत पसरतं, आणि माणसालाही होतं. स्ट्रँगल्स नावाचा घशाच्या गाठींचा संसर्ग असलेल्या यार्डचा रग तो यार्ड मोकळा झाल्याशिवाय मी उचलत नाही. एका यार्डचे रग दुसऱ्याच्या रगांवर ठेवायचे नाहीत, मध्ये टेबल जंतुनाशकाने पुसायचं. हातमोजे घालायचेच.

न्यायला कुणी आलंच नाही असे तीन रग राहिले होते. ते परस्पर विकायचे नसतात. १९७७च्या एका कायद्यानुसार आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि पुरेशी मुदतही. आता पावतीवरच ते छापलं आहे, आणि धुलाईचे पैसे आगाऊ घेते.

जानेवारी २०२५ मध्ये २०२३-२४ चं पहिलं टॅक्स रिटर्न भरलं, मुदत ३१ तारखेची. जमा १,३४० पौंड, खर्च १,९२८ : मशीन, मोटर, दोरा-बकलं-पट्टे, विमा, दोन महिन्यांचं गाळाभाडं आणि धुलाईयंत्रातला तोटा. हजार पौंडांची सरसकट सूट घेतली की प्रत्यक्ष खर्च वजा करता येत नाही, म्हणून मी खर्च दाखवला आणि ५८८ पौंडांचा तोटा पुढच्या वर्षात ओढला. तोटा असला तरी आठवड्याला ३.४५ पौंडांचा नॅशनल इन्शुरन्सचा क्लास टू हप्ता स्वखुशीने भरला, त्याने सरकारी पेन्शनसाठीचं वर्ष मोजलं जातं. त्यापुढच्या २०२४-२५ या वर्षात भाडं, वीज, पाणी जाऊन महिन्याला साधारण साडेतीनशे पौंड हातात उरत होते. उन्हाळ्यात जास्त, डिसेंबरात जवळजवळ काही नाही. एवढ्यावर घर चालत नाही, हे आधीच माहीत असू द्या.

२०२५च्या फेब्रुवारीत, पावसाच्या आठवड्यात, त्या ऑक्टोबरवाल्या बाई गाळ्याच्या दारात उभ्या. त्यांचा नवा रगही कुंपणाने फाडला होता, आणि रात्री पुन्हा पाऊस सांगितला होता. मी म्हटलं, सीलंट वाळायला उद्यापर्यंत वेळ लागेल, आज देणार नाही. कपाटातून माझ्याकडचा एक जादा रग काढून त्यांना रात्रीपुरता दिला. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर द्रोण केला, पाणी ओतलं, आणि आम्ही दोघी वीस मिनिटं चहा पीत त्या टिश्यूकडे बघत बसलो. टिश्यू कोरडाच. रग घेऊन गेल्या. रात्री नऊला त्यांचा मेसेज आला. अंधारात शेतात जाऊन रगाखाली, खांद्यापाशी हात घालून पाहिला होता त्यांनी. मेसेजमध्ये एकच शब्द होता : "ड्राय."